जागलीची हाक

एका शहराच्या प्राणिसंग्रहालयात मार्तंड नावाचा एक राखणदार होता. प्रेअरी डॉग सांभाळणे हे त्याचे काम. नावात डॉग असला तरी हा प्राणी कुत्रा नव्हे. तो खारीच्या कुळातला, सशाहून लहान, दूरदेशीच्या गवताळ मैदानांत जमिनीखाली बिळांची गावे करून राहणारा.

कुंपणात असे बावीस जीव होते. एकवीस तिथेच जन्मलेले. एक म्हातारी मादी तेवढी मैदानातून धरून आणलेली. मैदानात संकट दिसले की कुणीतरी उंचवट्यावर उभे राहून ओरडते आणि सारे गाव सावध होते. म्हातारीने ते काम इथेही सोडले नव्हते. घारीसाठी तिची एक हाक, माणसासाठी दुसरी, सापासाठी तिसरी. मार्तंडला त्या ऐकून ऐकून कळू लागल्या होत्या. तो तिला जागली म्हणे.

एका पावसाळ्याच्या अखेरीस जागली सापाची हाक देऊ लागली. दिवसभर थांबेना. मार्तंडने गवत पाहिले, भिंती पाहिल्या. काहीच नव्हते. लोक कुरकुरू लागले, तेव्हा अधीक्षक राजोपाध्ये स्वतः आले.

"हिला मागच्या खोलीत हलवा. लोक इथे करमणुकीला येतात."

"साहेब, ती उगाच नाही ओरडत…" मार्तंड बोलता बोलता थांबला. त्याची बढती साहेबांच्या हातात होती. "हलवतो," तो म्हणाला.

जागली गेली आणि कुंपण शांत झाले. लोक खूश झाले. राजोपाध्यांनी मार्तंडची पाठ थोपटली.

आठवड्याने मार्तंडने मोजले तर एकवीसचे वीस भरले. पुढे एकोणीस. मग सतरा. कुठे रक्त नाही, केस नाहीत, भिंतीला भगदाड नाही.

"बिळात असतील," साहेब म्हणाले. मार्तंडनेही मान हलवली.

थंडी पडली तरी उरलेले जीव बिळात जाईनात. दिवसभर सगळे मागच्या पायांवर उभे राहत, सगळ्यांची तोंडे एकाच बिळाकडे. हालचाल नाही, आवाज नाही. लोक हसत म्हणत, "बघा, फोटोसाठी कसे रांगेत उभे राहिलेत!" मार्तंडला मात्र तिकडे पाहवेना. त्या जिवांना भीती कळत होती. ती ओरडून कशी सांगायची, हे त्यांना येत नव्हते.

एके दुपारी तो मागच्या खोलीत चारा द्यायला गेला. जागली कुंपणाच्या दिशेच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे तोंड उघडत होते, मिटत होते. अंग हिसके देत होते. आवाज मात्र येत नव्हता. महिनोन्‌महिने ओरडून तिचा घसा गेला होता. आणि तरीही ती हाक देतच होती.

मार्तंडच्या हातातला चारा खाली पडला. त्याने कुदळ उचलली. कुणाला न विचारता कुंपणात शिरला आणि ते बीळ खणू लागला. हातभर खाली माती गार आणि गुळगुळीत लागली. आणखी खाली पोकळी होती. पोकळीत एक अजगर वेटोळे घालून पडला होता. पोट तट्ट फुगलेले. डोळे उघडे. गटाराच्या तुटक्या जाळीतून तो पावसाळ्यातच आत आला होता.

बातमी ऐकून राजोपाध्ये धावत आले. खड्ड्यात पाहताच त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"किती उरले?"

"सहा."

"तुला कधी कळलं हे?"

"पहिल्याच दिवशी, साहेब. ती साप म्हणत होती. तुम्हाला ऐकायचं नव्हतं, आणि मला तुमच्या मर्जीतून उतरायचं नव्हतं."

राजोपाध्ये खड्ड्याच्या काठावर खाली बसले.

संध्याकाळी मार्तंडने अहवाल लिहायला घेतला. मृत्यूच्या कारणापुढे त्याने 'अजगर' असे लिहिले. थोडा थांबला. मग त्याच्याखाली स्वतःचे नाव लिहिले. कागद साहेबांच्या टेबलावर गेला. त्यांनी तो दोनदा वाचला, पेन उचलले आणि मार्तंडच्या नावाच्या वर आपले नाव घातले.

तात्पर्य: धोका सांगणाऱ्याला गप्प केल्याने धोका जात नाही, फक्त तो ऐकू येईनासा होतो, आणि ऐकू आलेले जो मर्जीसाठी गिळतो, तोही त्या घातात वाटेकरी असतो.