सटवा भोयाचा उरलेला खडा

ऐकायचं असेल तर नीट बसा. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मधे कुणी फिदीफिदी हसलं तर मी उठून जाईन. बाकी कुठल्या गोष्टीला हसा, माझी हरकत नाही. या गोष्टीला हसलेलं मला चालत नाही.

फार वर्षं झाली. सरोळी नदीवर आज पूल दिसतो ना, तेव्हा तिथं त्याचा एक दगडसुद्धा नव्हता. अलीकडे आपलं शेवरगाव, पलीकडे बाजाराचं गाव, मधे नदी आणि नदीवर एकच नाव. ती नाव चालवायचं काम भोयांच्या एका घराकडे आज्या-पणज्यापासून चालत आलेलं. त्या घरात खंडू भोई म्हणून होता. चलाख गडी. शंभरापर्यंत सुलटं मोजायचा आणि तितक्याच झपाट्यानं उलटं मोजायचा. पण एका बाजाराच्या दिवशी गप्पांच्या नादात त्याच्या नावेतून एक म्हातारी पाण्यात गेली आणि कुणाला पत्ताच लागला नाही. नाव काठाला लागली, लोक उतरले, आपापल्या वाटेनं गेले. तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर म्हातारीचं लुगडं सापडलं. खंडूनं त्याची हाय खाल्ली आणि वर्षाच्या आत तो गेला.

मागे राहिली त्याची बायको येसाई आणि मुलगा सटवा. सटवा वीस-बाविशीचा होता. अंगात ताकद म्हणाल तर चार माणसांची नाव एकटा ओढायचा. पण डोकं चालायचं नाही त्याचं. हाताच्या बोटांपुढे मोजता येत नसे. वार कळत नसत. उजवीकडे वळ म्हटलं, की आधी जेवायचा हात कुठला ते आठवायचा आणि मग वळायचा. गाव म्हणालं, हा कसली नाव चालवणार, हा सगळ्यांना बुडवील.

येसाईनं मात्र एक युक्ती काढली. तिनं नावेत एक वेताची दुरडी ठेवली, हाताच्या पंजाएवढी. नावेत चढणाऱ्यानं काठावरचा एक खडा उचलायचा आणि दुरडीत टाकायचा. पलीकडे उतरताना दुरडीतला एक खडा काढायचा आणि काठावर टाकायचा. दुरडी रिकामी झाली म्हणजे सगळे पोचले. तिनं सटवाला समोर बसवून सांगितलं, की खडा म्हणजे माणूस. दुरडीत खडा उरला तर माणूस पाण्यात आहे. त्याला काढल्याशिवाय नाव हलवायची नाही.

सटवाला दुसरं काही कळो न कळो, हे पक्कं कळलं. तो नाव चालवू लागला, आणि त्याच्या हातून एक माणूस कधी गेलं नाही. माणूस सोडा, कुणाची कोंबडीसुद्धा गेली नाही. कोंबडीचाही तो खडा घ्यायचा. असं म्हणतात, की उतारूंना तो काठावर नुसतं सोडत नसे. दुरडी उपडी करून हलवायचा, आत बोट फिरवायचा, आणि मग तोंडभर हसून म्हणायचा, “पोचलात सगळे.” जणू त्यानंच सगळ्यांना जन्म दिला होता.

आता जयवंताचं सांगतो. जयवंता पाटलाचा धाकटा भाऊ. वाईट माणूस नव्हता हो. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिली लाकडं त्याच्या अंगणातून निघायची. पण लोकांना हसवल्याशिवाय त्याला करमत नसे, आणि लोकांनाही तो आला की बरं वाटायचं. एका बाजाराच्या दिवशी त्यानं दुरडीत दोन खडे टाकले.

पलीकडे गेल्यावर सगळे उतरले आणि दुरडीत एक खडा उरला. सटवानं दुरडी हलवली. पुन्हा बघितलं. त्यानं नाव खुंटाला बांधली, अंगातली बंडीही काढली नाही, आणि पाण्यात उडी घेतली. बुडी मारायचा, वर यायचा, हातात चिखल आणि शेवाळ, पुन्हा बुडी. रडत होता. ज्याचं नाव माहीत नाही त्याला हाका मारत होता. काठावर लोक पोट धरधरून हसले. शेवटी जयवंतानं दुरडीतला खडा काढून फेकला आणि म्हणाला, आला बघ तुझा माणूस, झाडामागे गेला होता. सटवा ओला गच्च वर आला आणि आनंदानं लहान मुलासारखा नाचू लागला. समोर दिसेल त्याच्या पायाला हात लावू लागला. हसणाऱ्यांकडे बघून तोही हसत सुटला. त्याचं ते हसणं बघून तर लोक जमिनीवर लोळले.

झालं. चटक लागली गावाला. महिन्या-पंधरा दिवसांनी कुणीतरी जादा खडा टाकायचंच. घरी पाहुणा आला की त्याला देवळाच्या आधी घाटावर नेऊन सटवाची बुडी दाखवायची पद्धत पडली. थंडीत, उन्हात, अंगात ताप असताना, त्यानं कधी आळस केला नाही. लाज वाटते सांगायला, पण आपलंच गाव आहे, माझेही आजे-पणजे त्या काठावर उभे असणार.

येसाई एकदा पाटलाच्या ओसरीवर गेली. कधी कुणाच्या दारात न जाणारी बाई. ती ओरडली नाही की रडली नाही. जयवंताला एवढंच म्हणाली, “तुमची ती गंमत होते, दादा. त्याचं दर वेळी माणूस मरतं.”

जयवंता वरमला. त्यानं शब्द दिला, की यापुढे खडा टाकणार नाही. आणि येसाई जिवंत होती तोवर त्यानं तो पाळला, हेही खरं आहे. दुसरे टाकायचे, तो टाकत नसे. पुढल्या वर्षी येसाई खोकल्यानं गेली.

चंद्रा नावाची एक कासारीण दर आठवड्याला बांगड्यांचा भारा घेऊन त्या नावेतून जायची. तिला हे बघवेना. एक दिवस नावेत ती एकटीच होती, तेव्हा तिनं सटवाला सगळं उलगडून सांगितलं. हे लोक मुद्दाम जादा खडा टाकतात, तुला पाण्यात घालतात आणि हसतात, पाण्यात कुणी नसतं रे बाबा, यापुढे उडी घेऊ नकोस. सटवा वल्हवायचा थांबला. नाव प्रवाहात तशीच फिरत राहिली. असं म्हणतात, की त्यानं एवढा वेळ विचार आयुष्यात कधी केला नव्हता. मग तो म्हणाला, “आणि मावशी, एखाद्या वेळी खरंच असला तर?”

याला काय उत्तर द्यायचं? तुम्हाला येतंय का बघा. मला आजवर आलेलं नाही. ज्याला गाव बिनडोक म्हणत होतं, त्याला आता माहीत होतं की आपल्याला फसवतात. तरी तो उडी घेत राहिला. उडी घेताना आता हसणाऱ्यांकडे बघत नसे, इतकाच फरक.

मग एका वर्षीचा भाद्रपद आला. वरच्या डोंगरात आठ दिवस पाऊस लागला होता आणि सरोळी दोन्ही काठांना घासत होती. गौरी जेवणाचा दिवस. जयवंताच्या सासुरवाडीची माणसं जेवायला यायची होती. सटवा सकाळीच त्यांना आणायला पलीकडे गेला, जयवंता सोबत होता. पाहुण्यांनी सटवाच्या बुडीबद्दल ऐकलेलं होतं. त्यांनी जयवंताला कोपरखळ्या मारल्या, की दाजी, नुसतं सांगता, दाखवा तरी एकदा. येसाईला जाऊन दोन वर्षं झाली होती. जयवंतानं नावेत चढताना दोन खडे टाकले.

नाव अलीकडे लागली. सटवानं त्या पुरातून सगळ्यांना सुखरूप आणलं होतं, त्याचे दंड थरथरत होते. माणसं उतरली, खडे निघाले, एक उरला. सटवानं दुरडीत बघितलं, मग नदीकडे बघितलं. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारलं, कोण राहिलं, कोण राहिलं. सगळ्यांनी हसू दाबून माना खाली घातल्या. कुणी बोललं नाही. एक माणूस एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं.

त्यानं नाव बांधली आणि उडी घेतली.

पहिल्यांदा तो जवळच वर आला आणि पाहुण्यांना हसू आवरेना. दुसऱ्यांदा बराच खाली वर आला. तेव्हा हसणं थांबलं. जयवंता काठाकाठानं पळत सुटला. तिसऱ्यांदा सटवाचं डोकं मधल्या भोवऱ्यापाशी दिसलं. जयवंता घसा फुटेस्तोवर ओरडला, की सटवा, माघारी फिर, सगळे आलेत, मी गंमत केली.

सटवानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. आवाज शांत होता, काठावरच्या सगळ्यांना तो ऐकू आला.

“मग खडा कुणाचा?”

एवढं म्हणून तो खाली गेला तो गेलाच.

गावातले पोहणारे दोर बांधून उतरले. दोन दिवस शोधलं. पूर ओसरल्यावर नदीचा तळ पायाखाली घातला. सटवा मिळाला नाही. नाव खुंटाला तशीच होती आणि दुरडीत तो खडा होता. जयवंतानं तो लांब फेकून दिला. दुसऱ्या दिवशी खडा पुन्हा दुरडीत. त्यानं तो नेऊन शेतात पुरला, तरी खडा दुरडीत. असं म्हणतात, की त्या दिवसापासून ती नाव कुणाच्या हाती नीट चालली नाही. दुसरा नावाडी आणला. त्यानं शपथेवर सांगितलं, की मध्यावर गेलं की खालून कुणीतरी तळावरून हात फिरवतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चाचपत, सावकाश. भीती नाही वाटत म्हणाला, रडू येतं. आठ दिवसांत तो काम सोडून गेला.

आणखीही सांगतात. त्यानंतर सरोळीत कुणी बुडालं नाही. वासरू वाहत गेलं, ते वळणावर उभं सापडलं. दारू पिऊन एक जण पडला, तो काठावर आणून निजवलेला मिळाला. खाली कुणीतरी होतं आणि हाताला लागेल त्याला काठाला लावत होतं. पण मधला भोवरा काही थांबेना. उन्हाळ्यात नदी गुडघ्याएवढी झाली तरी तिथं पाणी गरगरत राहायचं. जो नव्हताच, तो सापडणार कुठून?

जयवंताचं जेवणखाण तुटलं. लोकांना हसवणारा माणूस, तीन वर्षं तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या वर्षी गौरी जेवणाचा दिवस आला तेव्हा तो उठला आणि घाटावर गेला. सगळं गाव मागोमाग गेलं, त्यांना वाटलं हा जीव देतोय. त्यानं दुरडीतला खडा उचलला, छातीएवढ्या पाण्यात गेला, आणि भोवऱ्याकडे तोंड करून म्हणाला, “सटवा, खडा माझा. राहिलेला माणूस मी. मी पोचलो. तू आता वर ये.”

खडा त्याच्या हातातून पाण्यात पडला. भोवरा तिथल्या तिथं निवला आणि नदी घरातल्या घागरीतल्या पाण्यासारखी स्थिर झाली. दुरडी रिकामी झाली ती रिकामीच राहिली. पण सटवा वर आला नाही. काही जण सांगतात की पांढरा बगळा होऊन उडाला. मी तसं सांगत नाही. तो वर आला नाही, आणि जयवंता अंधार पडेपर्यंत पाण्यात उभा होता.

आता पूल झाला, नाव गेली. तरी शेवरगावात गौरी जेवणाच्या दिवशी आधी घाट असतो, मग नैवेद्य. घाटावर एक दुरडी ठेवतात, खड्यांनी भरलेली. वर्षभरात ज्यानं कुणाच्या मंद डोक्याला, अडखळत्या जिभेला, न जमणाऱ्या कामाला हसून घेतलं असेल, त्यानं एक खडा घ्यायचा, पाण्यात उतरायचं आणि जयवंताचे ते शब्द म्हणायचे. कुणाला हसलास म्हणून कुणी विचारत नाही. म्हणून झालं की खडा सोडायचा आणि थोडा वेळ पाण्याकडे बघत थांबायचं. कुणी वर येत नाही. पाण्यात उतरणारी माणसं दर वर्षी असतात, मास्तर असतात, सासवा असतात, शाळेतली पोरं तर रांगेनं असतात.

यंदा मीही होतो. माझी बायको हल्ली विसरते, तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात पाहुणे आले होते, तिनं चहात दोनदा साखर घातली. मी सगळ्यांसमोर तिची नक्कल केली, डबा शोधायची, डोकं खाजवायची. सगळे हसले. तीही हसली. पुढं कितीतरी दिवस तिचं ते हसणं माझ्या घशाखाली उतरेना.

म्हणून यंदा खडा घेतला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते शब्द म्हटले, थांबलो, आणि वर आलो. ती काठावर उभी होती. तिनं पदरानं माझे हात पुसले आणि विचारलं, “या वयात पाण्यात कशाला उतरलात हो?”

मी तिला सगळं सांगितलं. चहा, साखर, पाहुणे. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. मग आम्ही दोघं घरी आलो आणि तिनं गौरीला पान वाढलं.