गेनबा आणि केलीसाहेब

एका गावात एक भोळा गडी होता, गेनबा. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

गावच्या नदीवर पूल बांधायला आयर्लंडचे एक इंजिनीअर येणार होते. आडनाव केली. राघोजी पाटलांनी गेनबाला गाडी जुंपायला लावली. म्हणाले, "स्टेशनावर जा. केली आलेत. जपून आण, ऊन लागू देऊ नकोस."

गेनबाच्या कानाला ल काय नि ळ काय, सारखंच. स्टेशनाबाहेर केळीवाला बसला होता. गेनबानं मोठा घड घेतला, गवतात गुंडाळला आणि वर छत्री धरून घरी आणला. साहेब मागून चालत आले, घामाघूम.

पाटलांनी कपाळाला हात लावला. समजावलं, की केली हा मोठा माणूस आहे. हात जोडायचे, खुर्ची द्यायची, वारा घालायचा.

पुढं पाटलीणबाईंनी पूजेला केळी मागवली. गेनबानं घडाला हात जोडले, खुर्चीत बसवलं आणि वारा घालत राहिला. भटजी उभेच.

"अरे, खायची ती केळी. पूल बांधतो तो केली," पाटील म्हणाले. "तो आला की सरळ नदीवर न्यायचा."

मग पाटलांची दाढ सुजली. तालुक्याहून दातांचे डॉक्टर बोलावले. तेही आयरिश, तेही केलीच. गेनबानं गाडीत बसवताना नाव विचारलं आणि त्यांना थेट नदीवर नेलं. डॉक्टर गुडघाभर चिखलात रुतले. इकडे पाटील गालाला फडकं बांधून कण्हत बसले.

संध्याकाळी एकदाची दाढ निघाली. पाटील तोंडात कापूस धरून म्हणाले, "बाबा रे, केली एकच नसतो. त्यांच्या देशात गल्लोगल्ली केली. कुणी पूल बांधतो, कुणी दात काढतो. केली म्हटलं की आधी विचारायचं, कोणता केली?"

गेनबाला पटलं. पाटील तरी कुठं एकच असतो?

पूल झाला. उद्‌घाटनाला दोन्ही केलीसाहेब गळ्यात हार घालून बसले. फीत कापायची वेळ आली आणि चांदीची कात्री गायब. फौजदारांनी सगळ्यांना दरडावून विचारलं, "चोरी कोणी केली?"

गेनबा तेवढा पुढं झाला. अदबीनं म्हणाला, "कोणता केली, साहेब? पूलवाले की दातवाले?"

फौजदारांचे डोळे चमकले. "म्हणजे दोघं आहेत?"

"दोघं कसले साहेब, त्यांच्या देशात गल्लोगल्ली आहेत."

फौजदार हवालदाराकडे वळले. "टोळी मोठी दिसते. तूर्त या दोघांना बेड्या घाल."