चिकटवहीतलं सोवळं

कापडांनाही कुळाचा अभिमान होता तेव्हाची गोष्ट. एका चिकटवहीच्या पानावर लग्नाचा फोटो सजत होता. त्याच्या वरची मानाची जागा जरीबाईंना मिळाली. जरीबाई म्हणजे पैठणीच्या पदराचा वीतभर तुकडा. पैठणी कधीच विरली होती, तोरा तेवढा शाबूत होता.

सुई सुती दोरा ओवून आली, तशा जरीबाई कडाडल्या, "मला शिवू नकोस! मी रेशमाची, सोवळ्यातली!"

"बाईसाहेब, मी शिवायलाच आले आहे," सुई म्हणाली. "टाका नसला तर कडेचे दोरे सुटतील."

"दोरे? आमच्या घराण्यात? आणि ही चिकटवही आहे, शिवणवही नव्हे. डिंक लाव!"

एवढ्यात त्यांना आपल्याच कडेला एक दोरा लोंबताना दिसला. "हा मेला कुठून आला? उपट त्याला!"

सुईने तो ओढला. त्यामागून दुसरा निघाला, मग तिसरा. दर दोऱ्यागणिक जरीबाईंना आपण अधिकच शुद्ध झाल्यासारखं वाटत होतं.

अखेर पानावर नुसता रेशमाचा गुंता उरला. त्यातून तृप्त आवाज आला, "झाले ना मी सोवळी? आता लाव डिंक."

"लावते की," सुई म्हणाली, "पण लावू कशाला?"