चांगुणाबाईंचं जातं

धरणात बुडालेल्या करंजतळ गावातलं सामान तालुक्याच्या संग्रहालयात मांडलं होतं. वारसादिनाला चांगुणाबाई ते बघायला आल्या. स्वतःचं जातं दिसताच त्यांचा हात आपसूक खुंट्याकडे गेला.

"ओ बाई, हात लावू नका!" संचालक सगळ्यांदेखत ओरडले. "अशानं वस्तू झिजतात."

"साहेब, चाळीस वर्षं मी दळलं, तेव्हा कुठं हे एवढं झिजलं. कोरं करकरीत असतं, तर तुम्ही इथं ठेवलं असतं का?"

संचालकांनी जात्याभोवतीची दोरी सोडली. "बसा आजी, फिरवा."

चांगुणाबाई बसल्या. खुंटा घट्ट धरला, पण फिरवला नाही.

"रिकामं जातं फिरवत नाहीत, साहेब. आणि याची नाचणी जिथं पिकायची, ते शेत पाण्याखाली आहे."