शेटजींच्या नावाचे नमस्कार

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्यावर इतके संतापले, की अंगणात औषधे कुटत बसलेली माणसे खलबत्ते तसेच टाकून उठून उभी राहिली. राग आवरावा, असे मीही व्याख्यानांतून सांगत आलो आहे. पण या वैद्यांचा राग मला मनापासून पटतो, आणि तो आवरला नाही हे फार बरे झाले असे वाटते.

त्या गावात गुळाचा एक मोठा व्यापारी राहत असे. सकाळी पेढीवरच्या गादीवर बसला की तो दिवेलागणीलाच उठे, आणि चार पावलांवरच्या घरी जायलाही त्याला टांगा लागे. वय अठ्ठेचाळीस. त्याचा थोरला भाऊ पन्नाशीतच अर्धांगवायूने खाटेला खिळला होता. त्याला शब्द फुटत नसे, घासही भरवावा लागे. व्यापाऱ्याचे पान रोज त्या खाटेसमोर मांडले जाई. अलीकडे त्यालाही जिना चढताना धाप लागू लागली, हातपाय गार पडू लागले, आणि उशीवर डोके टेकले की कानात ठोके ऐकू येऊ लागले. तेव्हा तो घाबरून वैद्यांकडे आला.

"वैद्यराज, माझं दादासारखं होऊ देऊ नका," तो म्हणाला. "धाकटी मुलगी अजून सात वर्षांची आहे."

वैद्यांनी बराच वेळ त्याची नाडी पाहिली. बोटांखाली धमनी लवायला हवी होती, ती वाळलेल्या दोरीसारखी ताठ लागत होती. त्यांनी भस्म दिले नाही, काढाही दिला नाही. ते म्हणाले, "रोज सकाळी सूर्यनमस्कार घालायचे. आधी तीनच, मग हळूहळू वाढवत चोवीस. आणि नदीपर्यंत पायी जाऊन यायचं. खाडा चालणार नाही. हा माझा शिष्य रोज तुमच्याकडे येऊन लक्ष ठेवील. तीन महिन्यांनी भेटू."

तीन महिन्यांनी व्यापारी आला, तो टांग्यातूनच. हातात पेढ्यांचा पुडा होता. दोन पायऱ्या चढून तो धापा टाकत बसला. वैद्यांनी मनगट हाती घेतले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. धमनी ताठ होती तशीच होती. उलट थोडी अधिकच.

"नमस्कार झाले?"

"एक दिवस चुकला नाही, वैद्यराज. एकादशी म्हटली नाही की ग्रहण म्हटलं नाही."

शिष्य आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभा होता. वैद्यांची नजर तिकडे गेली.

"घातले कोणी?"

"ह्यांनीच की!" व्यापारी शिष्याकडे बोट दाखवून अगदी सहज म्हणाला. "पहिल्या दिवशी मी हातावर पाणी घेऊन रीतसर संकल्प सोडला, दोन नमस्कारही घातले. पुढचे नमस्कार ह्यांनी माझ्या नावानं घातले. आमच्याकडे लघुरुद्रसुद्धा असाच होतो, मी थोडाच म्हणत बसतो? म्हणणारे भटजी, पुण्य मात्र मला लागतं. आणि नदीवरही हेच जायचे, माझं उपरणं खांद्यावर टाकून."

तुम्ही हसलात ना? हसू नका. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांनी पावले मोजणारे घड्याळ घेतले, दिवसभर ते घरकामाच्या मावशींच्या मनगटावर बांधले, आणि संध्याकाळी दहा हजारांचा आकडा चारचौघांना अभिमानाने दाखवला. शिकले-सवरलेले गृहस्थ आहेत. मला त्यांचा अजूनही राग येतो.

वैद्यांनी व्यापाऱ्याचा हात सोडून दिला. मग त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी शिष्याला पुढे ओढले, त्याचे मनगट धरले आणि डोळे मिटून त्याची नाडी पाहू लागले. सगळे चकित होऊन बघत राहिले. काही वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"शेटजी, अभिनंदन! तुमच्या नमस्कारांनी गुण दिला. धमनी कशी मऊ झाली आहे, रक्त कसं सुरळीत वाहतं आहे! एवढंच, की ती ह्याच्या हातात आहे."

एवढे बोलून ते शिष्याकडे वळले, आणि मग त्यांचा आवाज चढला.

"तुला मी कशाला पाठवलं होतं?"

"गुरुजी, त्यांना वाकवत नव्हतं," शिष्य कसाबसा म्हणाला. "दुसऱ्याच नमस्काराला डोळ्यांत पाणी आलं. मला दया आली."

"दया! आपल्या विहिरीवरच्या मोटेवरही तू अशीच दया केली होतीस. पाणी आटलं तेव्हा चार महिने तिला खुंटीवर जपून ठेवलंस. पुढे काय झालं?"

"तिची चामड्याची सोंड कडक झाली. पहिल्याच खेपेला तडकली."

"का तडकली? रोज शंभरदा तिच्यातून पाणी जायचं. पाणी आलं की फुगायची, गेलं की मिटायची, म्हणून मऊ राहायची. धमनीही तशीच असते रे! माणूस चालला, वाकला, उठला की रक्त जोमानं येतं. धमनी ताणली जाते आणि पुन्हा सैल होते. रोज ताणली तर ताणायची सवय राहते. माणूस नुसता बसून राहिला की ती ताठ होते, आणि मग काळजाचा ठोका त्या ताठ भिंतीवर जाऊन आदळतो. ह्यांच्या कानात वाजतं ते काय वाटलं तुला? एकानं केलेलं पुण्य दुसऱ्याला लागत असेल, मला ठाऊक नाही. रक्त लागत नाही! काढा बिघडला असता तर दुसरा करून दिला असता. हे तीन महिने मी ह्यांना कुठून आणून देऊ?"

व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. "चारचौघांत असा अपमान करून घ्यायला मी आलो नव्हतो," असे म्हणून तो टांग्याकडे निघाला.

"जा, खुशाल जा!" वैद्य ओरडले. "घरी गेलात की दादांच्या खाटेपाशी बसा, आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघून विचारा, आज एक नमस्कार घालायला मिळाला तर त्याच्यासाठी काय द्याल."

व्यापारी थांबला. टांगेवाल्याने लगाम हाती घेतला होता. व्यापाऱ्याने त्याला हातानेच नको म्हटले, पागोटे काढून पायरीवर ठेवले, आणि तो तिथेच अंगणात पुढे वाकला.

पहिला नमस्कार कसाबसा झाला. दुसऱ्याला तो जमिनीवर पालथा पडला, आणि त्याला उठवेना. डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि तोंडाने तो वैद्यांना शिव्या देत होता. शिष्याला राहवले नाही. त्याने धावत जाऊन त्याच्या काखेत हात घातला.

"हात लावू नकोस!" वैद्य गरजले.

शिष्य मागे सरला. व्यापारी क्षणभर धापा टाकत तसाच पडून राहिला. मग त्याने तळवे मातीत घट्ट रोवले, एक गुडघा पोटाशी घेतला आणि तो आपला आपण उठला.

"दोन," तो म्हणाला.

शिष्याने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले, आणि तो तिसऱ्याची वाट पाहत उभा राहिला.