हाशाबाबाच्या गऱ्या

ऐका, पण मधेमधे बोलू नका. बोललात की माझा धागा तुटतो, आणि आता या वयात तो पुन्हा शोधत बसायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

फार वर्षांपूर्वी, होड्या शिडावर चालत तेव्हा, खाडीच्या तोंडाशी खारवेळ नावाच्या कोळीवाड्यात हाशा नावाचा म्हातारा राहायचा. तो गऱ्या करायचा. गरी म्हणजे नुसता आकडा नव्हे हो! शिशाची मासोळी, पोटातून निघालेला आकडा, शेपटीला कोंबड्याची पांढरी पिसं. दोराला बांधून ती खोल सोडायची आणि हातानं हलके हलके झटके द्यायचे. सुरमईला वाटायचं, जखमी मासोळी पळतेय, आणि ती आ वासून तिच्यावर यायची.

किनाऱ्यावर समुद्रफेस वाहून येतो ना, माकूल माशाच्या पाठीतलं ते पांढरं, मऊ हाड? हाशा त्याच्या दोन फाका करायचा, आत नखानं मासोळी कोरायचा, मधे आकडा ठेवायचा, फाका सुंभानं आवळायचा आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचा. गार झालं की सुरीनं खरवडून चकाकी आणायची, पिसं बांधायची आणि डबक्यात सोडून बघायचं. नुसती बुडाली तर परत वितळवायची. थरथरली, तरच ती गरी. असं म्हणतात की काठावरचे बगळेसुद्धा फसून तिच्यावर चोच मारायचे.

गावाला या गऱ्यांचा भलता गर्व होता. हाशाच्या गरीला मासा लागला की दोर कापायचा नाही, मग तो मासा केवढा का असेना, असा दंडकच पडला होता. कुणी कापून आला तर बाया त्याला बांगड्या दाखवायच्या. हाशासुद्धा मिशीत हसायचा. आपल्या हाताचा मान राखतात लोक, असं त्याला वाटायचं.

त्याचा मुलगा पोशा, एकुलता एक. एका दुपारी तो एकटाच गरवायला गेला आणि त्याच्या गरीला काहीतरी अचाट लागलं. किनाऱ्यावरून सगळ्यांनी पाहिलं, शीड उतरलेलं होतं, तरी होडी वाऱ्याच्या तोंडावर धावत होती. मासा तिला ओढत होता. पोशा दोर धरून उभा. गाव नाचत होतं, "सोडू नको रे, पोशा, सोडू नको!" आणि सगळ्यांत मोठा आवाज बापाचा होता. बघता बघता होडी दिसेनाशी झाली. पुढं ती लाटांवर हेलकावत परत आली तेव्हा तिच्यात पोशा नव्हता. त्याचं फेकजाळं तेवढं होतं, कडेला शिशाचे मणी ओवलेलं.

हाशानं ते जाळं घराच्या आढ्याला टांगलं आणि भट्टी विझवली. त्यानंतर तो म्हातारा नुसता थकत गेला. हात थकले, डोळे थकले, कुणी हाक मारली तर ओ द्यायचाही त्याला शीण यायचा. रोज सकाळी उठायचा, जाळ्याच्या मण्यांना बोटं लावायचा आणि ओट्यावर येऊन बसायचा. जाळं आहे तोवर पोरगा येईल, असं त्याच्या मनानं धरलं होतं. वेडेपणा म्हणा हवं तर. तुमच्या घरातलं कुणी गेलं असतं तर तुम्हीही धरलं असतं.

मग एका वर्षी असं उधाण आलं की वाळूवर वाळत घातलेली गावाची सगळी जाळी समुद्रानं गिळली. शिसंही जाळ्यांबरोबर गेलं, आणि हाशाच्या जुन्या गऱ्या तर केव्हाच संपल्या होत्या. खाडीचं तोंड गाळानं भरलं, बाहेरचं गलबत आत येईना. लोक रानातले कंद उकडून खाऊ लागले, आयांच्या अंगावरचं दूध आटलं. आणि समोर, डोळ्यांदेखत, सुरमया उड्या मारत चाललेल्या!

धर्मा नाखवा, गावातल्या मोठ्या होडीचा धनी, हाशाच्या दारात येऊन उभा राहिला. आढ्याकडं बघायची त्याची छाती होईना. खाली मान घालून म्हणाला, "बाबा, साऱ्या वाड्यात शिसं हाय ते तुमच्याच घरात."

हाशाची बायको येसूबाय आतून ऐकत होती. ती बाहेर आली, पाटावर चढली, जाळं उतरवलं आणि मांडीवर घेऊन एकेक मणी सोडवू लागली. हाशा ओरडला, "अगं, काय करतेस? पोराचं हाय ते!"

"पोर त्यात नाय हो," येसूबाय म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण हात थांबले नाहीत. "त्यात शिसं हाय. आपलं पोर कवाच गेलं."

तेव्हा हाशा रडला. इतकी वर्षं रडला नव्हता, तो पोटभर रडला. मग उठला आणि त्यानं भट्टी पेटवली. असं म्हणतात की ते शिसं वितळताना त्याचा धूर झाला नाही, आणि त्या गऱ्या डबक्यात सोडल्या तेव्हा एकही नुसती बुडाली नाही.

गऱ्या धर्माच्या हातात देताना म्हातारा एवढंच म्हणाला, "मोठा लागला तर दोर कापायचा. माझी आण हाय."

धर्मानं मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि उपाशी पोरं डोळ्यांसमोर असताना दोर कापणं वेगळं. होडी बाहेर गेली, गरी खाली सोडली, आणि लागलं ते सगळ्या वाड्याला पुरून उरेल असं धूड. होडी ओढीनं पळू लागली. किनाऱ्यावर लोक पुन्हा नाचायला लागले, "धरा! धरून ठेवा!" होडीतले गडी दोर हाताला गुंडाळून उभे राहिले. हात सोलून निघाले, तरी कुणी सुरीकडं बघेना.

हाशा लोकांना ढकलत पाण्यात शिरला. छातीएवढ्या पाण्यात उभा राहून त्यानं हाक मारली, "काप! धर्मा, काप रे, पोरा!" वारा समोरून होता. तरी असं म्हणतात की त्या हाकेनं लाटा आडव्या झाल्या, काठच्या खडकाळ खडपावरचे पक्षी उठले, आणि होडीतल्या प्रत्येक गड्याला वाटलं, आपलाच बाप कानाशी ओरडतोय. धर्मानं डोळे मिटले आणि दोर कापला.

किनाऱ्यावर एकच हाय उठली. कुणी कपाळ बडवलं, कुणी हाशाला शिव्या घातल्या. आणि तेवढ्यात सुटलेलं ते धूड खवळून खाडीकडं वळलं. त्याच्या भयानं पुढं पळणारे सुरमयांचे थवेच्या थवे खाडीत घुसले. असं म्हणतात की बायांनी नुसत्या पदरांनी मासे धरले, आणि त्या दिवशी वाड्यातली एकही चूल थंड राहिली नाही.

पहिली तळलेली तुकडी घेऊन येसूबाय खडपाशी गेली. हाशा तिथं ओल्या अंगानं टेकून बसला होता. धर्माची होडी धक्क्याला लागलेली त्यानं बघितली होती, आतली सगळी डोकी मोजून झाली होती. "आता निजू दे गं मला," तो म्हणाला, "लई दमलोय." तो निजला, आणि मग त्याला कुणी उठवलं नाही.

खारवेळला आजही नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघतात तेव्हा आया पोरांना विचारतात, "हाशाबाबा घेतलास ना कमरेला?" सुरीला तिथं हाशाबाबाच म्हणतात. पहिली गरी पाण्यात सोडतात आणि तिचा दोर कापून ती समुद्राला देऊन टाकतात, तेव्हा किनाऱ्यावर उभं राहून सगळा गाव ओरडतो, "काप रे, पोरा!" आणि हंगामात कधी कुणी मोठा मासा सोडून, कापलेला दोर घेऊन, रिकाम्या हातानं घरी आला, तर त्या घरात त्या दिवशी सगळ्यांच्या आधी त्याला जेवायला वाढतात.