महाराजांचे ठोके

घुमटगडच्या गर्जेराव महाराजांना चार पायऱ्या चढलं तरी धाप लागे. धोंडोवैद्यांनी रोज शंभर सूर्यनमस्कार सांगितले. महाराजांनी लगेच पळीभर पाणी सोडून संकल्प केला आणि नमस्कार घालायला नारभटांना नेमलं! अनुष्ठान भटजींनी करायचं, फळ यजमानाला, ही रीतच होती. तीन महिन्यांत नारभट वेतासारखे झाले. महाराजांचं पोट मात्र सिंहासनाबाहेर आलं.

अशात एक सौदागर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ घेऊन दरबारात आला. "व्यायामाला हे हवंच," तो म्हणाला.

"घ्याच, सरकार!" सगळे दरबारी ओरडले.

"वैद्यबुवा, तुम्ही का गप्प?" महाराज गुरगुरले.

"घ्या की, सरकार," धोंडोवैद्य हात जोडून म्हणाले. "पण बांधा नारभटांच्या मनगटाला. व्यायाम त्यांचा, ठोकेही त्यांचेच. आणि सरकारांचं हृदय बंद पडायची वेळ आली, की पुन्हा पळीभर पाणी सोडा. तेवढंही नारभटच उरकतील."

नारभट दचकून खांबाआड झाले.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच महाराजांनी स्वतः नमस्कार घातले. अवघे तीन. घड्याळ काही घेतलं नाही, कारण त्यांचे ठोके वेशीपर्यंत ऐकू गेले. पहारेकऱ्याला वाटलं, पहाटेचा नगारा झाला, आणि त्यानं गडाचा दरवाजा तासभर आधीच उघडला.